कॉमिकमधले रक्त पडद्यावर आले की चाहते का दुभंगतात?

एखाद्या हिंसक कॉमिकवर चित्रपट आला की ते कॉमिक मनापासून आवडणाऱ्यांमध्येच दोन तट पडतात. एक जण सांगतो की पानावरचे चित्र जसेच्या तसे डोळ्यांसमोर उभे केले आहे, आणि दुसरा म्हणतो की नुसती कापाकापी आहे, मूळ कथेचा जीवच त्यात उरलेला नाही. बेळगावच्या टिळकवाडीतल्या कट्ट्यावर, खानापूरच्या बसमध्ये किंवा निपाणीच्या एखाद्या महाविद्यालयाच्या आवारात असे वाद ऐकू येतात, आणि घरातली वडीलधारी माणसे ते मुलांचे खूळ म्हणून सोडून देतात. मला हे वाद सोडून देण्यासारखे वाटत नाहीत. हिंसा किती जवळून पाहावी आणि कोणाच्या बाजूला उभे राहून पाहावी, हा जुना आणि गंभीर प्रश्न ही मुले आपापल्या शब्दांत मांडत असतात. चाहत्यांच्या प्रतिक्रिया समजून घ्यायच्या असतील, तर चित्रपटात रक्त किती आहे हे मोजून फारसे काही हाती लागत नाही. प्रेक्षक आणि ते रक्त यांच्यामध्ये अंतर किती राखले आहे, हे पाहावे लागते.

हे अंतर कागदावर कसे तयार होते, ते आधी पाहू. कॉमिकचे पान चौकटींचे बनलेले असते आणि दोन चौकटींच्या मध्ये एक कोरी पट्टी असते. अमेरिकन चित्रकार स्कॉट मॅक्लाउड यांनी १९९३ साली कॉमिकच्या घडणीवर एक पुस्तक लिहिले, आणि तेही कॉमिकच्याच रूपात. त्यात त्यांनी एक साधे उदाहरण घेतले आहे. पहिल्या चौकटीत एक माणूस दुसऱ्यावर कुऱ्हाड उगारतो. पुढच्या चौकटीत फक्त रात्रीचे शहर दिसते आणि एक किंकाळी उमटते. घाव कोणीच काढलेला नाही. तो कुठे बसला, किती खोल गेला, किती वेळ लागला, हे सगळे वाचणाऱ्याने त्या कोऱ्या पट्टीत स्वतःच्या मनाने भरलेले असते, म्हणून त्या खुनात वाचकाचाही हात असतो, असे मॅक्लाउड यांचे म्हणणे आहे. मला हे निरीक्षण फार मोलाचे वाटते, कारण प्रत्येक वाचकाने तो घाव आपल्या सोसण्याइतकाच कल्पिलेला असतो. शिवाय पान उलटण्याचा वेग त्याच्या हातात असतो. नको वाटले तर तो डोळे पुढे सरकवतो, आणि रेघ सुंदर वाटली तर त्याच चौकटीवर हवा तेवढा वेळ थांबतो.

चित्रपट या दोन्ही गोष्टी वाचकाच्या हातातून काढून घेतो. कोरी पट्टी उरत नाही, कारण पडद्यावर एका सेकंदात साधारणपणे २४ चित्रे सरकतात आणि मधले सगळे भरून दाखवले जाते. वेगही दिग्दर्शक ठरवतो. त्यातच रेघेच्या जागी हाडामांसाचा माणूस येतो. म्हणजे गोष्ट तीच, मरणारी माणसे तीच, पण वाचकाने स्वतःसाठी राखलेले अंतर कोणीतरी परस्पर बदललेले असते, आणि चाहत्याला पहिला धक्का बसतो तो इथे.

हे अंतर परत मिळवण्यासाठी चित्रपटकारांनी जे उपाय शोधले, त्यांनाच आपण शैली म्हणतो. त्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणजे झॅक स्नायडर दिग्दर्शित ‘थ्री हंड्रेड’. इसवी सनापूर्वी ४८० मध्ये थर्मोपिली या ग्रीक खिंडीत स्पार्टाचा राजा लिओनायडस मोजक्या सैनिकांसह इराणच्या प्रचंड फौजेला सामोरा गेला, त्या लढाईवर फ्रँक मिलर यांनी १९९८ साली कॉमिक रचले आणि लिन व्हार्ली यांनी ते रंगवले. त्या कॉमिकमध्ये समोरासमोरची दोन पाने मिळून एकच आडवे चित्र होत असे, आणि पुढे पुस्तक निघाले तेही आडव्या आकाराचे. म्हणजे पडद्याचा आकार कागदावर आधीच होता. चित्रपटाचे चित्रण कॅनडातल्या माँट्रियल शहरातल्या स्टुडिओत, जवळजवळ पूर्णपणे एकरंगी पडद्यांसमोर झाले आणि आकाश, समुद्र, कडे नंतर संगणकावर चढवले गेले. अशी संगणकाचा हात लागलेली दृश्ये सुमारे १३०० भरली. रंगांतून मधल्या छटा काढून काळा अधिक काळा आणि तांबूस अधिक तांबूस केला, त्यामुळे मांसही कोरल्यासारखे दिसू लागले.

सर्वांत परिणामकारक युक्ती वेगाची होती. लढाईत भाला उचलला जाताना काळ मंदावतो, घाव बसण्याच्या क्षणी जवळजवळ गोठतो आणि लगेच झटक्यात पुढे धावतो. तो गोठलेला क्षण म्हणजे कॉमिकची चौकट. दिग्दर्शकाने वाचकाला त्याचा थांबण्याचा अवकाश काही प्रमाणात परत दिला, आणि म्हणूनच कॉमिकच्या अनेक चाहत्यांना चित्रपट पाहताना पाने उलटत असल्याचा आनंद झाला. रक्तही बहुतेक ठिकाणी संगणकावर काढलेले आहे. ते हवेत काळपट फराट्यासारखे उडते आणि जमिनीवर पडण्याआधीच विरते. ज्यांना हे फराटे दिसले त्यांना तो चित्रपट चित्रांच्या प्रदर्शनासारखा वाटला, आणि ज्यांना फक्त तुटलेली मुंडकी दिसली त्यांना तो असह्य झाला. फेब्रुवारी २००७ मध्ये बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात तो दाखवला गेला, तेव्हा पत्रकारांच्या खेळात काही जण उठून गेले आणि हुर्यो झाली, तर सर्वसामान्य प्रेक्षकांच्या खेळात लोकांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या, असे वृत्त त्या वेळी आले होते. सुमारे साडेसहा कोटी डॉलर खर्चाच्या त्या चित्रपटाने पुढे जगभरात ४५ कोटी डॉलरहून अधिक कमाई केली. वाद काही त्यामुळे मिटला नाही.

निष्ठावान वाचकांच्या तक्रारीही ऐकण्यासारख्या होत्या. मूळ कॉमिकमध्ये लिओनायडसची राणी गोर्गो हिला फार थोडी जागा आहे. चित्रपटात तिच्याभोवती स्पार्टातल्या राजकारणाचे एक वेगळे उपकथानक उभे केले गेले. त्यामुळे लढाईची लय तुटते असे काहींना वाटले, तर त्यामुळेच कथेला श्वास मिळाला असे इतरांना. माझे मत दुसऱ्या बाजूचे आहे. सलग दोन तास वीररस टिकत नाही, मध्ये काहीतरी बोलणारे, विचार करणारे माणूस लागते.

शब्दशः निष्ठेची परिसीमा मात्र त्याच्या दोन वर्षे आधी, २००५ साली आलेल्या ‘सिन सिटी’ने गाठली होती. तेही मिलर यांचेच कॉमिक. रॉबर्ट रॉड्रिगेझ यांनी कॉमिकच्या चौकटीच चित्रणाचा आराखडा म्हणून वापरल्या, आणि मिलर यांचे नाव सहदिग्दर्शक म्हणून लागावे यासाठी, दिग्दर्शकांच्या संघटनेच्या नियमात ते बसत नव्हते तेव्हा, स्वतः संघटनेचा राजीनामा दिला. चित्रपट कृष्णधवल आहे, मधूनच एखादा ओठ किंवा एखादा झगा लाल दिसतो, आणि रक्त कधी लाल, कधी पिवळे तर कधी चक्क पांढरे आहे. पांढरे रक्त पाहताना मन त्याला शाई समजते. तेच दृश्य नैसर्गिक रंगात चित्रित केले असते तर अनेकांना ते बघवले नसते. अंतर राखणे म्हणजे काय, ते या एका निवडीत पूर्ण दिसते.

आपल्याकडच्या वाचकाला हा विचार परका वाटू नये. भरताच्या नाट्यशास्त्रात युद्ध, मरण, राज्यनाश, नगराला पडलेला वेढा या गोष्टी अंकात प्रत्यक्ष दाखवू नयेत, त्या प्रवेशकातून, म्हणजे दोन अंकांमधल्या छोट्या जोडप्रवेशातून, कळवाव्यात, असे सांगितले आहे. आणि तरीही रौद्र, वीर, भयानक, बीभत्स हे चारही रस त्याच शास्त्रात मानाने बसलेले आहेत. म्हणजे भावना वर्ज्य नाही, दाखवण्याची रीत महत्त्वाची आहे. बेळगावात वैशाखातल्या शिवजयंतीला रात्रभर चित्ररथांची मिरवणूक निघते आणि गल्लीगल्लीतली मंडळे सजीव देखावे सादर करतात, तेव्हा अफजलखानाचा वध आणि बाजीप्रभूंची खिंड हे प्रसंग रस्त्याच्या दुतर्फा उभी असलेली लहान मुलेही पाहतात. कोणी त्यांचे डोळे झाकत नाही. रंग लावलेले आहेत, आविर्भाव मोठे आहेत, शिरा ताणलेल्या आहेत, वरून ध्वनिक्षेपकावर संवाद चालू आहेत. हे नाट्य आहे याची खूण प्रत्येक हालचालीत असते. शैली म्हणजे ही खूण. ती दिसत राहते तोवर प्रेक्षक निर्धास्त असतो.

ही खूण पुसट होते तेव्हा काय घडते, याचा धडा २०१० च्या ‘किक-ॲस’ या चित्रपटाने दिला. मार्क मिलर आणि जॉन रोमिटा धाकटे यांच्या कॉमिकवरच्या या चित्रपटात एक लहान मुलगी गुंडांना कापून काढते, शिवीगाळ करते आणि शेवटी स्वतः एका मोठ्या माणसाकडून बेदम मार खाते. कागदावर ती रेघांची बाहुली होती. पडद्यावर ती भूमिका करणारी मुलगी चित्रणाच्या वेळी अकरा वर्षांची होती. भडक रंग, गाणी, विनोद सगळे असूनही तो शेवटचा मार अनेकांना शैलीच्या पलीकडचा वाटला. अमेरिकेतले ज्येष्ठ समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी चित्रपटाला एकच तारा दिला आणि नैतिकदृष्ट्या तो निंद्य ठरवला. चाहत्यांनी त्यांच्यावर टीकेची झोड उठवली. मी इथे ईबर्ट यांच्या बाजूचा आहे, पण चाहत्यांचा मुद्दाही समजतो: त्यांनी ती मुलगी आधी कागदावर पाहिली होती आणि पडद्यावरही त्यांना तीच रेघ दिसत होती. कॉमिक न वाचलेल्या प्रेक्षकाला मात्र फक्त लहान मूल दिसले.

आता पिढ्यांचा प्रश्न. सीमाभागातल्या साठीच्या पुढच्या वाचकासाठी कॉमिक म्हणजे चांदोबातल्या चित्रकथा आणि इंद्रजाल कॉमिक्स. १९६४ साली सुरू झालेल्या इंद्रजालमधून मराठीत वेताळ, म्हणजे इंग्रजीतला फँटम, घरोघरी पोहोचला. त्याच्या ठोशाने गुंडाच्या जबड्यावर कवटीची खूण उमटायची, पण रक्ताचे थारोळे कधी दिसले नाही. अशा वाचकाची ठाम समजूत असते की कॉमिक हे मुलांचे वाङ्मय आहे. खुद्द अमेरिकेतही ही समजूत एका विशिष्ट घटनेतून घट्ट झाली होती. १९५४ साली फ्रेडरिक वर्थम या मानसोपचारतज्ज्ञांनी कॉमिकमुळे मुले बिघडतात असे पुस्तक लिहिले, सिनेटच्या समितीपुढे सुनावण्या झाल्या, आणि प्रकाशकांनी घाबरून स्वतःवरच एक आचारसंहिता लादून घेतली. भयकथा आणि गुन्हेकथा जवळजवळ संपल्या. वर्थम यांनी आपले पुरावे सोयीने वाकवले होते, हे पुढे २०१२ साली कॅरोल टिली या संशोधिकेने त्यांचीच कागदपत्रे तपासून दाखवून दिले. त्या संहितेच्या विळख्यातून प्रौढांसाठीचे कॉमिक हळूहळू, मुख्यतः १९८० नंतर, बाहेर आले. तेव्हा आजचा चाहता हिंसक रूपांतराचे स्वागत करतो त्यामागे, आमचे वाङ्मय पोरकट नाही हे जगाने एकदाचे मान्य करावे, ही जुनी आस असते. आजोबा पडद्यावरचे रक्त पाहून हळहळतात आणि नातू त्याच रक्ताकडे आपल्या आवडीला मिळालेली मान्यता म्हणून पाहतो. दोघेही प्रामाणिक आहेत.

शैलीचा सर्वांत अवघड भाग शत्रूच्या चित्रणात येतो, आणि सीमाभागात राहणाऱ्या माणसाने त्याकडे विशेष लक्ष द्यावे असे मला कळकळीने वाटते. ‘थ्री हंड्रेड’मध्ये स्पार्टाचे सैनिक शिल्पासारखे देखणे आहेत, तर इराणी फौजेत मुखवटे घातलेले, विद्रूप, राक्षसी आकाराचे जीव आहेत आणि त्यांचा सम्राट झर्क्सिस सोन्याच्या साखळ्यांनी मढलेला, अतिमानवी उंचीचा आहे. चित्रपट अमेरिकेत मार्च २००७ मध्ये, इराणी नववर्षाच्या तोंडावर प्रदर्शित झाला. इराणमध्ये सरकारी पातळीवर आणि सामान्य लोकांतही संतापाची लाट उसळली, आणि परदेशात राहणारे, एरवी आपल्या सरकारचे कडवे विरोधक असलेले इराणीही या एका बाबतीत त्याच सुरात बोलले. चित्रपटाच्या बाजूने दिलेले उत्तर कथेच्या रचनेतच होते: ही सारी हकीकत डिलिओस नावाचा, लढाईतून परत पाठवलेला एकाक्ष सैनिक सांगतो, आणि तो ती दुसऱ्या लढाईच्या आदल्या क्षणी आपल्या सैन्याला चेव आणण्यासाठी सांगतो. तेव्हा शत्रू राक्षस दिसतो तो त्याच्या वर्णनात.

आपल्या परिभाषेत सांगायचे तर डिलिओस शाहीर आहे. पोवाडा ऐकताना आपण त्यातल्या आकड्यांची मोजदाद करत नाही, कारण शाहीर आपल्या माणसांसाठी गातो हे आपल्याला माहीत असते. घोडखिंडीत बाजीप्रभूंसोबत तीनशे बांदल होते असे परंपरा सांगते, आणि १६६० ची ती लढाई आठवताना थर्मोपिलीचे नाव मराठी वाचकाच्या ओठावर सहज येते. म्हणूनच हा चित्रपट इथल्या तरुणांना इतका जवळचा वाटतो. मात्र पोवाड्यातला शत्रू होऊन पोवाडा ऐकणे कसे असते, हेही इथल्या मातीला ठाऊक आहे. बैलहोंगल तालुक्यातल्या बेळवडीची मल्लम्मा शिवाजी महाराजांच्या फौजेशी लढली ती १६७८ च्या सुमारास. कानडी लोकस्मृतीत ती स्वाभिमानी वीरांगना आहे. मराठी ग्रंथांत तीच सावित्रीबाई देसाई या नावाने येते आणि तिचा प्रसंग महाराजांच्या दक्षिण मोहिमेतली एक छोटी अडचण म्हणून उरकला जातो. एकाच जिल्ह्यात, एकाच रस्त्यावर दोन्ही कथा सांगितल्या जातात. ज्याने या दोन्ही ऐकल्या आहेत, त्याला इराणी प्रेक्षकाचा राग समजायला जड जाऊ नये. निवेदक शाहीर आहे हा युक्तिवाद कलेच्या दृष्टीने बरोबर आहे, परंतु पडद्यावरची प्रतिमा निवेदकापेक्षा फार मोठी असते, आणि चित्रपटगृहातून बाहेर पडणाऱ्याच्या मनात डिलिओसचा आवाज राहत नाही, राक्षसी चेहरे राहतात. चित्रपट आवडणे आणि ही तक्रार मान्य करणे या दोन्ही गोष्टी एकाच माणसाला करता येतात. मी त्या करतो.

प्रतिक्रियांचा आणखी एक भाग फक्त निष्ठेशी निगडित असतो आणि त्यावर फार वेळ घालवण्याची गरज नाही. ॲलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांच्या ‘वॉचमेन’वरच्या २००९ च्या चित्रपटात शेवट बदलला म्हणून काही वाचक आजही नाराज आहेत, आणि मूर यांनी तर चित्रपटावर स्वतःचे नावच येऊ दिले नाही. जज ड्रेड हा १९७७ पासून इंग्लंडमध्ये गाजलेला नायक कॉमिकमध्ये शिरस्त्राण काढत नाही. १९९५ च्या चित्रपटात सिल्व्हेस्टर स्टॅलोन यांनी ते काढले, आणि चाहत्यांनी ती गोष्ट कधी माफ केली नाही. २०१२ च्या ‘ड्रेड’मध्ये कार्ल अर्बन यांनी ते शेवटपर्यंत डोक्यावर ठेवले. हा चित्रपट कितीतरी अधिक हिंसक, पण चाहत्यांचा लाडका. तिकीटबारीवर तो आपटला. २०१३ च्या सुरुवातीला डीव्हीडीवर आला तेव्हा मात्र इंग्लंड-अमेरिकेत विक्रीत वरच्या स्थानी गेला, आणि पुढचा भाग निघावा म्हणून चाहत्यांनी सह्यांची मोहीम चालवली.

इथल्या प्रेक्षकाची प्रतिक्रिया वाचताना मात्र एक चौकशी आवर्जून करावी, ती म्हणजे त्याने नेमके काय पाहिले. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानुसार ‘ए’ प्रमाणपत्राचा चित्रपट अठरा वर्षांखालच्या मुलाला चित्रपटगृहात पाहता येत नाही, आणि पालक सोबत असले तरी येत नाही. अमेरिकेत ‘आर’ दर्जाचा चित्रपट सतराखालचे मूल मोठ्या माणसासोबत पाहू शकते. २०२३ च्या दुरुस्तीने ‘यूए’ या, पालकांच्या मार्गदर्शनाने पाहायच्या, वर्गात सात, तेरा आणि सोळा वर्षांचे टप्पे आले. ‘ए’च्या अटीमुळे चिकोडीतला पंधरा वर्षांचा मुलगा ते कॉमिक मोबाइलवर बिनदिक्कत वाचतो, पण त्यावरचा चित्रपट त्याला तिकीट काढून पाहता येत नाही, आणि मग तो इकडून तिकडून मिळालेले तुकडे पाहून मत बनवतो. प्रमाणपत्रासाठी काही दृश्ये कापली गेली असतील तर मंदगतीचा ठेका तुटतो आणि शैली ढिसाळ वाटू लागते. दोष दिग्दर्शकाच्या माथी जातो. घरात मराठी, बाजारात कानडी आणि पडद्यावर हिंदी, अशी आपल्याकडे स्थिती असल्याने कित्येकांनी हे चित्रपट हिंदीत भाषांतरित होऊनच ऐकलेले असतात, आणि मूळ संवादातला धीरगंभीर स्वर त्यात कधी चढा तर कधी हलकाफुलका झालेला असतो.

पडद्याच्या आकाराचेही तसेच आहे. ‘ड्रेड’मध्ये एक मादक द्रव्य आहे, ते घेतले की मेंदूला काळ सामान्य वेगाच्या शंभराव्या भागाने सरकताना जाणवतो. ही दृश्ये अतिवेगवान कॅमेऱ्यांनी, सेकंदाला हजारो चित्रे टिपत, त्रिमित पडद्यासाठी घेतली गेली होती. मोठ्या पडद्यावर गोळी गालातून आरपार जाताना पाण्याचे, काचेचे आणि रक्ताचे थेंब प्रकाशात तरंगत प्रेक्षकाकडे येतात आणि त्यातली भीषणता व सौंदर्य एकत्रच जाणवते. हेच दृश्य हातातल्या मोबाइलवर, बसच्या खिडकीतून येणाऱ्या उन्हात पाहणाऱ्याला थेंब दिसत नाहीत, फक्त फुटलेला गाल दिसतो. तो जेव्हा म्हणतो की यात किळसवाण्या हिंसेशिवाय काही नाही, तेव्हा त्याने पाहिलेल्या चित्रपटापुरते त्याचे म्हणणे खरे असते.